एक ओळ वर

येर्को, ती खुर्ची डावीकडे कलते, सांभाळून बस.
बघ, तू बसायच्या आधी सांगितलं.
आपला धंदा एवढाच.

बाकीचं हळूहळू कळेल.
पुएर्तो मॉन्तच्या या माळ्यावर एकोणीस वर्षं
सामन माशांची पोटं साफ करणाऱ्या यंत्रांची
माहितीपुस्तकं लिहिली मी.
एकावरही माझं नाव नाही.
शेवटच्या पानावर छापखान्याचा पत्ता आहे,
हवा तर तो वाच.

आधी खाली उतरायला शीक.
इंजिनियर वर बोलावतील, कॉफी देतील,
पडद्यावर गरगर फिरणारं सुबक यंत्र दाखवतील.
त्या यंत्राला वास नसतो.
तू रात्रपाळीला जा,
चिलोएहून बोटीने आलेल्या बायकांशेजारी
रबरी बूट घालून उभा राहा.
ओल्या हातमोज्यांनी पान उलटत नाही,
चष्म्यावर वाफ धरली की बारीक अक्षर म्हणजे कोरी जागा.
हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.
निदान मी केलेल्या दोन्हींत नाही शिकवलं.

अडाणी प्रश्नाची लाज सोड.
पहिल्याच बैठकीत मी विचारलं, हा दांडा कशासाठी?
सगळे हसले.
मग कोणालाच सांगता येईना.
तीन महिन्यांनी दांडा यंत्रातून गेला,
श्रेय आराखडा खात्यानं घेतलं. घेऊ दे.
पण पगाराची गोष्ट निघेल तेव्हा
तो दांडा टेबलावर ठेव.
मी ठेवला नाही. अकरा वर्षं ठेवला नाही.

‘योग्य रीतीने बसवा’ असं कधी लिहू नकोस.
त्याचा अर्थ, मला माहीत नाही, तुमचं तुम्ही बघा.
‘झाकण उघडले जावे’ हेही नको.
कोणी उघडायचं? भुतानं?
एका पायरीला एक क्रियापद.
‘बंद करून, काढून, पुसून ठेवा’ म्हटलंस
तर माणूस पुसायला विसरेल,
नाहीतर बंद करायला.

वाचणाऱ्याला ‘तू’ म्हणावं की ‘आपण’,
यावर इथे चार बैठका झाल्या.
पाचवीच्या आधी मी खाली जाऊन ओतिलियाला विचारलं.
ती म्हणाली, काहीही म्हणा बाई,
पण वेळेवर म्हणा.

आता हे पान बघ. तिसरी आवृत्ती, पान एक्केचाळीस.
पायरी सहा : पात्यामागे अडकलेला मासा हाताने काढा.
पायरी सात : त्याआधी वीज बंद केल्याची खात्री करा.

‘त्याआधी.’
माझाच शब्द. पानावर तो नंतर येतो.

ओतिलियाने पायरी सहा वाचली आणि केली.
लोक म्हणतात, ही पुस्तकं कोण वाचतं?
तिने वाचलं होतं, येर्को.
उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं.

चौथ्या आवृत्तीत मी ती ओळ वर नेली.
‘त्याआधी’ खोडलं, बाकी शब्द तेच.
त्या वर्षीच्या अहवालात नोंद आहे : किरकोळ दुरुस्ती.
माझी सगळी नोकरी कोणी दोन शब्दांत मागितली
तर मी तीच देईन.

ओतिलिया आंगेल्मोच्या बाजारात असते हल्ली,
डाव्या हाताने शिंपल्यांचं पातेलं ढवळत.
विचारते, नेलिदा, लिहितेस का अजून?
मी हो म्हणते, आणि भूक एकीची असली
तरी दोन वाट्या घेते.
ती कधी त्याबद्दल बोलत नाही. मीही नाही.
हे कसं लिहायचं ते मला अजून येत नाही,
तुला आलं तर कळव.

बरं, जुन्या आवृत्त्या खालच्या खणात आहेत.
फेकू नकोस, कोणी सांगितलं तरी.
ही किल्ली.
खण जरा अडतो, ओढ जोरात,
पण त्याआधी वर उचल, नाहीतर बोट

अरे!
बघू. दाखव इकडे.
चुकलं माझं.